हेवा कुणाचा करायचा, तेवढं सांगा

प्रति,
जुन्या मराठी गाण्यांचे कार्यक्रम करणारे आयोजक व निवेदक,
तसंच मराठी गाणी विकणाऱ्या संगीत कंपन्या आणि ती ऐकवणारी ॲप चालवणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच एका संस्थेच्या कार्यक्रमाला गेलो होतो. तिकीट पाचशेचं, खुर्ची पाचव्या रांगेत. दारातच चार पानी गुळगुळीत कार्यक्रमपत्रिका हातात दिली. तिच्यावर गायक होते, वादक होते, ध्वनी, प्रकाश, मागचा पडदा रंगवणारे, फुलांची सजावट करणारे, इतकंच काय, मध्यंतरातले बटाटेवडे पुरवणारे केटररसुद्धा नावानिशी होते. गाणी बावीस. गीतकार एकही नाही.

मध्यंतरात आयोजकांना गाठलं. माणूस भला. हातातली बशी बाजूला ठेवून बोलले. "अहो, विसरलो नाही आम्ही. या वर्षीपासून ठरवूनच टाकलंय. निवेदनात मूळ गायक आणि संगीतकार, बस्स. तिसरं नाव आलं की निवेदन लांबतं, आणि लोक शेवटी गाणी ऐकायला येतात." विसरले असते तर मी गप्प बसलो असतो. मीही विसरतो. पण हे ठरवून झालंय, म्हणून हे पत्र.

उत्तरार्ध सुरू झाला आणि निवेदिका म्हणाल्या, "आता ऐकू या माउलींचा अभंग, इंद्रायणी काठी." टाळ्यांचा कडकडाट. त्या गाण्यात दुसऱ्याच ओळीला ज्ञानेशाची समाधी लागलेली आहे. म्हणजे माउलींनी समाधीत बसून स्वतःच्याच समाधीवर अभंग रचला, असं समजायचं. सभागृह भरलेलं होतं, कुणी हूं की चूं केलं नाही. मीही केलं नाही, हे कबूल करतो. घरी आल्यावर झोप लागेना.

‘इंद्रायणी काठी’ ग. दि. माडगूळकरांचं आहे. सिनेमा ‘गुळाचा गणपती’, साल १९५३, संगीत पु. ल. देशपांडे, गळा भीमसेन जोशींचा. त्याच साली आलेल्या ‘देवबाप्पा’साठी याच माणसाने ‘नाच रे मोरा’ लिहिलं, आणि त्याचीही चाल पुलंचीच. वारकऱ्यांना आणि बालवाडीला, दोघांनाही आजवर पुरलेली गाणी एका हातून एकाच वर्षी पडद्यावर आली. तुमच्या निवेदनात त्या हाताला दोन सेकंद मिळत नाहीत.

आता माझा संबंध काय, ते सांगतो.

मी गीतकार आहे. तीसएक वर्षं हेच करतोय. कॅसेटी होत्या तोवर भक्तिगीतं, मग मालिकांची शीर्षकगीतं, जाहिरातींच्या ओळी, चारदोन सिनेमे. नावाजलेला नाही, आणि या पत्रामुळे होईन असंही नाही. माझ्याकडे दोनशे पानी एक वही आहे. विसाव्या वर्षी तिच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, ‘ही मी लिहायला हवी होती’. आत सगळी दुसऱ्यांची गाणी. डाव्या पानावर गाणं, उजव्या पानावर मी मोजलेल्या मात्रा, यमकं, गायकाला श्वास घ्यायला कुठे जागा ठेवलीय त्याच्या खुणा. आजवर एकसष्ट गाणी झालीत. बायको तिला जळफळाटाची वही म्हणते. बरोबरच आहे. या धंद्यात शाळा नाही, गुरुकुल नाही. हेवा हीच शाळा. दुसऱ्याचं गाणं ऐकून पोटात कालवतं, ‘हे मला का नाही सुचलं’ असं होतं, तेव्हा त्या गाण्याचे टाके उसवून बघावेसे वाटतात. टाके उसवता उसवता हात बसतो.

पण त्यासाठी आधी कुणावर जळायचं ते कळावं लागतं. मला ते कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावरून कळलं. वडील एसटीत कंडक्टर, घर मिरजेत, पगाराच्या दिवशी एखादी कॅसेट यायची. गाणं सुरू झालं की वडील तो कागद उलगडून माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "कुणाचं आहे?" मी गायिकेचं नाव सांगितलं की म्हणायचे, "गायलंय कुणी ते मला ऐकू येतंय. आहे कुणाचं?" मग मी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘गीत’ शोधायचो. कागद घडीवर फाटायचा, त्याला पोस्टाच्या तिकिटाच्या कडेची पांढरी पट्टी चिकटवायची. त्या पट्टीखाली दोन-तीन गीतकार कायमचे गेले, त्याचं पाप आमच्याकडे.

आता वहीतली काही पानं तुम्हाला दाखवतो. तुम्ही काय गाळता, ते त्याशिवाय कळायचं नाही.

वहीतलं पहिलं गाणं तेच ते, इंद्रायणी काठी. बोटांवर मोजून बघा. इंद्रायणी काठी: सहा अक्षरं. देवाची आळंदी: सहा. लागली समाधी: सहा. ज्ञानेशाची: चार. हा मोठा अभंग. तुकोबांनी, नामदेवांनी वापरलेला तोच साचा, सहा-सहा-सहा-चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, जिथे संत ठेवत तिथेच: आळंदी, समाधी. शिवाय चारही चरण ‘ई’वर संपतात. काठी, आळंदी, समाधी, ज्ञानेशाची. ‘ई’ ताणता येते, तिच्यावर तान उभी राहते. आपलं गाणं कोण गाणार आहे, हे या गीतकाराला नीट ठाऊक होतं असं मला तरी वाटतं. एका कडव्यात अवघी बावीस अक्षरं, आणि एकही शब्द असा नाही की जो आळंदीच्या वाटेवर भेटणाऱ्या बाईला अडेल. म्हणून ते ज्ञानेश्वरांचं वाटतं. गदिमांनी स्वतःला इतकं पुसून घेतलं की तुम्हाला ते दिसेनासेच झाले. त्यांनी स्वतःला पुसलं ही त्यांची कला. तुम्हीही पुसताय, त्याला काय म्हणायचं?

‘विठ्ठला, तू वेडा कुंभार’ची तीच गत. ‘प्रपंच’, १९६१, शब्द गदिमांचे, संगीत आणि गळा सुधीर फडक्यांचा. मी हे गोरा कुंभारांच्या नावावर ऐकलंय, एकदा नाही, तीनदा. कुंभार शब्द आला की गोरोबा! उद्या ‘ऐरणीच्या देवा’ कुणा लोहार संताच्या नावावर चढवाल.

‘ऐरणीच्या देवा’ वहीत अकराव्या क्रमांकावर आहे. जगदीश खेबुडकरांचं, १९६५च्या ‘साधी माणसं’मधलं. खेबुडकर कोल्हापूरचे शाळामास्तर. संगीतकार म्हणून आनंदघन हे नाव आहे, म्हणजे खुद्द लता मंगेशकर, आणि गळाही त्यांचाच. या गाण्यात माझं मन एका क्रियापदावर अडकलंय: ठिणगी ‘वाहू दे’. देवाला फुलं वाहतात, बेल वाहतात. लोहाराच्या बायकोकडे भात्यापुढे बसून फुलं कुठली? घणाखाली जे उडतं ते ती वाहते. लोहारवाड्याचं दारिद्र्य, कष्ट आणि भक्ती एका ‘वाहू’मध्ये आली. मी असतो तर दोन कडवी खर्ची घातली असती आणि तरी जमलं नसतं.

क्रियापदावरून ना. धों. महानोर आठवले. ‘जैत रे जैत’, १९७७. पळसखेडच्या शेतकऱ्याने लिहिलेलं ‘नभ उतरू आलं’. ‘उतरू आलं’, बरं का. ‘उतरून आलं’ नाही. उतरून आलं म्हणजे आलं, काम झालं. उतरू आलं म्हणजे आता उतरेल, मग उतरेल, अंगावर यायच्या बेतात आहे. गाई विऊ आल्या म्हणतात ना, तसं. सगळा पाऊस त्या एका ‘रू’मध्ये धरून ठेवलेला. तुमच्यातल्या एका ॲपवर गाण्याबरोबर शब्द सरकतात. तिथे मी ‘नभ उतरून आलं’ वाचलं. ज्याने ते टंकलं त्याचा दोष नाही, त्याला तपासून द्यायला कुणी बसवलंच नसणार. पण चुकीचे शब्द आता शाळेच्या स्नेहसंमेलनात गायले जातायत, कारण पोरं शब्द फोनवरूनच उतरवून घेतात. माझ्या भाचीने तेच गायलं. मी टोकलं तर म्हणाली, "मामा, ॲपवर असंच आहे."

शांताबाई शेळक्यांची वहीत नऊ गाणी आहेत. सगळ्यात जास्त त्यांचीच. ‘तोच चंद्रमा नभात’ घ्या. शीला भट्टारिका नावाच्या संस्कृत कवयित्रीचा एक श्लोक आहे, ‘यः कौमारहरः’ असा सुरू होणारा. मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात तो उदाहरणाला घेतलाय. त्यात बाई म्हणते, नवराही तोच, चैत्राच्या रात्रीही त्याच, वाराही तोच, तरी मन रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, तीराकडे धावतं. शांताबाईंनी तो धागा उचलला आणि चक्क पुरुषाच्या तोंडी दिला. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, गातात तो पुरुष. त्याच्यासाठी पळून जायला रेवातीरही शिल्लक ठेवला नाही. सगळं तसंच आहे आणि तरी काही उरलं नाही, एवढंच. मूळ श्लोकात ओढ आहे, गाण्यात विझणं आहे. उसनवारी कशी करावी याचा हा माझा धडा. आणि उसनवारी त्या लपवत नसत, तेही लक्षात ठेवा. आता गंमत बघा. शीला भट्टारिकेचं नाव जुन्या सुभाषितसंग्रहांनी श्लोकाबरोबर जपलं. हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमधून ते शतकं ओलांडून आलं. शांताबाई जाऊन अजून पंचवीस वर्षंही झाली नाहीत (६ जून २००२), आणि तुमच्या पडद्यावर त्या दिसत नाहीत.

याच शांताबाईंनी ‘मी डोलकर’ लिहिलं, ‘वादळ वारं सुटलं गो’ लिहिलं. संस्कृत कोळून प्यालेली बाई कोळ्यांच्या बोलीत अशी शिरली की ही गाणी तुम्ही सरसकट ‘कोळीगीते’ या खोक्यात टाकता आणि गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होता.

पी. सावळारामांचं ‘गंगा यमुना डोळ्यांत उभ्या का’. वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा गळा. हे गाणं मी पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा त्यात शब्द नव्हते. धाकट्या बहिणीचं लग्न, मिरजेतलं कार्यालय, संध्याकाळी पाठवणी. बँडवाल्यातल्या एका म्हाताऱ्याने क्लॅरिनेटवर ते काढलं. शब्द कुणी उच्चारला नाही आणि मांडवातल्या सगळ्या बायका एकाच जागी रडल्या, जिथे ‘जा मुली जा’ येतं बरोबर तिथे. शब्द सगळ्यांच्या आत होते, क्लॅरिनेटने फक्त बोट ठेवलं. वडील तेव्हा माझ्या शेजारी होते. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "कुणाचं आहे?" मी म्हणालो, सावळाराम. "हां," म्हणाले, आणि बहिणीला सोडायला पुढे गेले. हे सावळाराम म्हणजे निवृत्ती रावजी पाटील, ठाण्याचे नगराध्यक्ष होते. पाठवणीला रडवणारा नगराध्यक्ष दुसऱ्या कुठल्या गावाला मिळालाय का, मला माहीत नाही.

अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावाकडं राहिली’ ही छक्कड मी वहीत दोनदा उतरवलीय. पहिल्यांदा लावणी म्हणून, दहा वर्षांनी राजकारण म्हणून. मुंबईत पोटासाठी आलेला गडी मैनेचं रूप वर्णन करतो, निरोपाचा क्षण सांगतो, मुंबईच्या उंच माड्या आणि खालची उपासमार दाखवतो, आणि ऐकणाऱ्याला कळायच्या आत मैनेच्या ताटातुटीला सीमाभागाची ताटातूट येऊन मिळते. सांधा कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. शोधतोय.

आणखी पानं आहेत, पण मुद्द्यावर येतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, गीतकाराला पानं दिली की असं होतं.

माझी पहिली तक्रार सांगून झाली: गीतकाराचं नाव गाळणं हा आता विसरभोळेपणा राहिला नाही, धोरण झालंय. वेळेचं कारण सांगू नका. त्या संध्याकाळी घड्याळ लावून बघितलं. एका गाण्याआधीचं निवेदन साडेचार मिनिटं चाललं, त्यात पाऊस होता, मृद्गंध होता, निवेदिकेच्या आजोळची विहीर होती. ‘गीत: मंगेश पाडगावकर’ म्हणायला दोन सेकंद लागतात. आकाशवाणी आणि विविध भारतीवर वर्षानुवर्षं गीतकाराचं नाव घेतलं जातंय, त्यांचं कुठलं बातमीपत्र त्यामुळे उशिरा लागलं? आणि याच महाराष्ट्राने १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ ऐकलं. छप्पन्न गाणी. ते कुणाचं, असं विचारलं तर आजही घरातलं शेंबडं पोर दोन नावं सांगतं, गदिमा आणि बाबूजी. म्हणजे लोकांना नको असतं हे काही खरं नाही. सांगितलं तर लोक लक्षात ठेवतात.

दुसरी तक्रार ‘पारंपरिक’ या शब्दाची. हा शब्द तुम्ही कचऱ्याच्या डब्यासारखा वापरता. ज्याचा पत्ता नाही ते टाका पारंपरिकमध्ये. खेबुडकरांचं ‘देहाची तिजोरी’ १९७२च्या ‘आम्ही जातो आमुच्या गावा’मधलं, त्यांचंच ‘विठू माऊली तू’ १९८१च्या ‘अरे संसार संसार’मधलं. ही गाणी पारंपरिक म्हणून मिरवतात. (‘विठू माऊली’ मला स्वतःला तिशीपर्यंत संतरचनाच वाटत होती. म्हणून तर म्हणतो, सांगत जा.) खरं पारंपरिक काय असतं ते जात्यावरच्या ओवीला विचारा. तिथे खरोखरच शेकडो बायकांचे हात लागलेत. आणि तिथेसुद्धा हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी गावोगाव हिंडून ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त, त्या आज ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर आहेत, आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. जात्यावर बसलेल्या बाईचं नाव लिहून ठेवता येतं. तुमच्याकडे तर करारनामे आहेत, चेकच्या पावत्या आहेत, कॅसेटचे कागद आहेत.

यात माझंही एक गाणं आहे, ते सांगायला जीव थोडा कचरतो. १९९८ साली एका कॅसेट कंपनीसाठी देवीची आठ गाणी लिहिली, आठांचे मिळून सातशे रुपये. त्यातलं एक चाललं. नवरात्रात अजून वाजतं. कंपनी विकली गेली, गाणी दुसऱ्याकडे गेली, तिथून ॲपवर आली, आणि येताना आतला कागद कुणी टंकला नाही. गीतकार: पारंपरिक. तीन वर्षांपूर्वी पुण्यात एका मंडळाच्या मांडवाखाली ते ऐकत उभा होतो. साउंडवाल्या पोराला सहज म्हणालो, हे गाणं मी लिहिलंय. त्याने फोन उघडून दाखवला आणि अगदी आदराने म्हणाला, "नाही काका, हे लय जुनं आहे. पारंपरिक आहे." खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं. आपलं गाणं आपल्या देखत जुनं झालं, देवीच्या नावात मिसळून गेलं, यापलीकडे गीतकाराला काय हवं असतं? मग घरी येताना बसमध्ये बसल्यावर चरफडलो. मिसळून जायचं ते माझ्या मर्जीने, कुणाच्या आळसाने नाही.

तिसरी तक्रार शेवटच्या कडव्याची. तुम्ही सर्रास दोन कडवी घेता आणि पुढचं गाणं लावता. जुन्या लोकांना तुमच्यासारखी मंडळी भेटणार हे ठाऊक असावं, म्हणून त्यांनी नाव गाण्यातच विणलं. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘म्हणे जनी’. शाहिरांनी छाप ठेवली. वामनदादा कर्डकांच्या गीतांत शेवटी ‘वामन’ येतो. तो शेवटचा अंतरा कापला की नाव गेलं, आणि बहुतेकदा सगळ्या गाण्याचा रोखही गेला, कारण भीमगीताचा टोला शेवटी असतो. आम्ही नंतरचे गीतकार मात्र फसलो. छाप सोडली, नाव रेकॉर्डच्या लेबलावर आणि कॅसेटच्या कागदावर सोपवलं. आता लेबल नाही, कागदही नाही.

चौथी ॲपवाल्यांसाठी, थोडक्यात. गायकाच्या नावाने शोधता येतं, मूडने शोधता येतं, व्यायामासाठी वेगळी गाणी, झोपेसाठी वेगळी. गीतकाराच्या नावाने शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. जिथे नाव आहे तिथे ते तीन ठिपके दाबून, खाली सरकवून, आणखी एक खिडकी उघडल्यावर सापडतं. काही ठिकाणी गीतकाराच्या रकान्यात गायिकेचंच नाव आहे. असं पाहणाऱ्या आजच्या विशीतल्या पोराला वाटेल की लताबाई आणि आशाबाई रोज सकाळी उठून गाणी लिहीत होत्या. त्या पोराने हेवा कुणाचा करायचा? गायिकेचा हेवा करून त्याला गाता येणार नाही, आणि लिहिणारं कुणी होतं हेच त्याला कळणार नाही.

पैशांचं मी लांबवत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का केला. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. पण गाणं कुणाचं हेच लिहिलेलं नसेल तर वाटा पोचणार कुणाला? ‘पारंपरिक’ला बँकेत खातं नसतं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचे हक्क २०३७ अखेरपर्यंत जिवंत आहेत. आणि कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ म्हणतं की हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणायचा लेखकाचा अधिकार विकला जात नाही. आमच्या कायद्याचा विनोद असा की कलम ५२ अ प्रमाणे ध्वनिमुद्रिकेवर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्कमालकाचं नाव-पत्ता आणि प्रकाशनाचं वर्ष देणं बंधनकारक आहे, गीतकाराचं नाव नाही. तेव्हा कायद्याने बांधलेलं नाही, असं तुम्ही म्हणू शकता. मी कायद्यावर बोट ठेवून भांडायला आलेलो नाही.

मागतोय ते एवढंच.

कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक गाण्यासमोर गीत आणि संगीत छापा. वड्याच्या वरच्या ओळीत जागा आहे. निवेदनात गाण्याआधी नाही तर गाण्यानंतर, पण गीतकाराचं नाव घ्या, आणि खात्री नसेल तर ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणा. दुसऱ्याचं नाव ठोकून देण्यापेक्षा ते बरं.

‘पारंपरिक’ लिहिण्याआधी कुणीतरी बसून तपासा. ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ वर्षानुवर्षं प्रत्येक गाण्यासमोर गीत, संगीत, स्वर असं नीट मांडून ठेवतंय. पाच मिनिटांचं काम आहे.

भीमगीत आणि अभंग घ्याल तर शेवटचं कडवं कापू नका. वेळ कमी पडला तर मधलं कापा.

ॲपवर गीतकाराचा रकाना गायकाच्या रकान्याशेजारी आणा, आणि त्याच्यावर बोट ठेवलं की त्या माणसाची सगळी गाणी एकापाठोपाठ दिसू द्या. शब्द दाखवत असाल तर मराठी वाचता येणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. चूक कळवायची सोय ठेवा, आणि कळवलेलं कुणीतरी उघडून बघा. मी माझ्या देवीच्या गाण्याबद्दल चारदा कळवलं. चारही वेळा ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं.

ज्या संस्थेचा कार्यक्रम मी ऐकला, तिचा पुढचा कार्यक्रम दिवाळी पहाटेला आहे, यादी जाहीर झालीय. अठरा गाणी आहेत. मी काल रात्री बसून सगळ्यांची गीतकारांची नावं काढली आणि आयोजकांना वेगळ्या कागदावर पाठवली आहेत, मोठ्या अक्षरांत, म्हणजे निवेदिकाबाईंना चष्मा लागणार नाही. फी नको. सतरा सापडली. नवव्या क्रमांकाच्या गाण्याचा गीतकार मलाही सापडला नाही. वडिलांच्या जुन्या कागदांमध्ये ते गाणं आहे, पण नेमकी तिथेच आमची पट्टी चिकटलीय. वाफेवर धरून सोडवायचा प्रयत्न चालू आहे. निघाली की कळवतो.

आपला,
पारंपरिक
(तुमच्याकडे माझी नोंद याच नावाने आहे)